मुठीवरचा टवका

९ जानेवारी

शिक्केवाले महाशय,

आपली ओळख नाही. पण तुमच्या दुकानाचा पत्ता एकतीस वर्षं माझ्या हातात होता. माझ्या ऑफिसातल्या रबरी शिक्क्याच्या लाकडावर, एका बाजूला, तो बारीक अक्षरांत डाग देऊन उमटवलेला आहे. मी निवृत्त झाले तेव्हा सहकाऱ्यांनी भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि मी शिक्का मागून घेतला. घड्याळ सहा महिन्यांत बंद पडलं. शिक्का अजून आहे.

कामाचं लिहिते. मी आणि माझी नणंद घराच्या पुढच्या खोलीत वह्या शिवतो. मेण लावलेला दोरा, जाडंभरडं कापड चढवलेले पुठ्ठे, सगळं हाताने. हे शिवण मला शाळेत एका सिस्टरने शिकवलं. कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजी किती शिकले हा वेगळा प्रश्न, पण टाका चुकला की बोटांवर पट्टी बसायची, म्हणून टाका आजही चुकत नाही. प्रत्येक वहीच्या पुढच्या कव्हरवर आम्ही शिक्का मारतो : ‘या वहीची पानं गळणार नाहीत.’ खाली सुईदोऱ्याचं चित्र. ही जाहिरात नाही, वचन आहे.

या एका वाक्यापायी पाच महिन्यांत तीन शिक्के खर्ची पडले. पहिला पारदर्शक होता. तो महिनाभरात चिकट झाला, जिलेटिनसारखा लिबलिबायला लागला. दुसऱ्याचा ‘ग’ अर्धा उडाला. तिसरा आपोआप शाई घेणारा. त्यातली स्प्रिंग सुटून नणंदेच्या चष्म्यावर आदळली. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, “मॅडम, नवा घ्या ना, हल्ली कोण दुरुस्त करतं?” त्याला मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

आमच्या वह्या ज्या मोठ्या दुकानात जातात, त्यांच्या मॅनेजरने आता निरोप धाडला आहे की शिक्का फिसकटलेला दिसतो, एक एप्रिलपासून त्यांचा छापील स्टिकर लावा. स्टिकरवर त्यांचं नाव. आमचं वाक्य नाही, कारण वचन दिलं की जबाबदारी येते म्हणे. येतेच. म्हणून तर दिलं.

मला जुन्या पद्धतीचा, टिकणारा शिक्का हवा आहे. कधी देता?

वहीवाली
(निवृत्त वरिष्ठ लिपिक)


१७ जानेवारी

बाईंना नमस्कार.

पत्र मिळालं. दुकान सहा वर्षांपूर्वी बंद केलं. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायला डोळे लागतात, ते आता मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बरे आहेत, पण प्रेस घरात कोपऱ्यात आहे आणि सूनबाईंनी तिच्यावर मिक्सर ठेवला आहे.

पारदर्शक शिक्के तेलाच्या शाईने चिकट होतातच. तुम्ही तेलाची शाई वापरत असणार. पाण्याची वापरा.

शिक्केवाला


२० जानेवारी

शिक्केवाले महाशय,

पाण्याची शाई जाड्या कापडावर पसरते. हे मला तुम्ही सांगायला हवं होतं, मी तुम्हाला सांगते आहे.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. कोणी नकार देतो तेव्हा “होणार नाही” असं लिहितो. तुम्ही तसं कुठेही लिहिलेलं नाही. तुम्ही लिहिलंत की डोळे बरे आहेत आणि प्रेसवर मिक्सर आहे. मिक्सर उचलता येतो. अडीच-तीन किलोचा असतो.

सोबत माझा ऑफिसचा शिक्का पार्सलने पाठवते आहे. कौतुकासाठी नव्हे, नमुना म्हणून. रोज तीन-साडेतीनशे कागद, एकतीस वर्षं, एकच शिक्का. अक्षरं बघा, आजही टोचतील इतकी धारदार आहेत. असं काम तुम्ही केलेलं आहे. मग आता काय धाड भरली?

मुठीच्या कडेला एक टवका उडालेला दिसेल. त्याला हात लावू नका. शिक्क्यावर ‘आदेशावरून’ असं आहे ते तुम्ही वाचालच. म्हणजे आदेश कोणा दुसऱ्याचा, हात माझा. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी साहेबांनी एका कागदावर शिक्का मारायला सांगितलं. कागद सरळसरळ खोटा होता. मी म्हटलं, मारणार नाही. ते म्हणाले, “तुमचं मत कोणी विचारलंय?” मी शिक्का टेबलाच्या लोखंडी कडेवर आपटला आणि जेवायला निघून गेले. टवका तेव्हाचा. कागद पुढे कोणीतरी दुसऱ्याने उरकला असेल, मला ठाऊक नाही. पण माझ्या शिक्क्याने नाही. पुढची एकोणतीस वर्षं मी निमूट काम केलं. रोज मूठ धरताना अंगठा त्या टवक्यावर यायचा, तेवढं मला पुरायचं.

काम झालं की तो परत करा.

वहीवाली


२ फेब्रुवारी

बाईंना नमस्कार.

हे पत्र लिहू की नको, यात पाच दिवस गेले. सूनबाई म्हणाल्या, “बाबा, खरं असेल ते लिहून टाका, एवढ्या लांबून त्या तुम्हाला काय करणार आहेत?” तुमची पत्रं त्यांनी वाचली नव्हती म्हणून असं म्हणाल्या.

मी प्रत्येक शिक्क्याच्या रबराखाली, लाकडावर, साल आणि आकडा खिळ्याने कोरतो. तुमच्या शिक्क्याच्या रबराचा कोपरा उचलून पाहिला. आकडा नऊ आहे.

म्हणजे हा नववा.

तुमच्या ऑफिसचे सगळे शिक्के माझ्याकडचे. बाकीच्या टेबलांचे बारा-पंधरा वर्षं चालत. एका टेबलाचा दर तीन-साडेतीन वर्षांनी यायचा, लाकूड चिरलेलं आणि रबर सुटलेलं. तुमचा शिपाई रुमालात बांधून आणायचा आणि म्हणायचा, “हुबेहूब द्या. बाईंना कळता कामा नये.” मी विचारलं, कोण बाई? तर म्हणाला, “आमचे साहेबसुद्धा त्यांच्या टेबलावरून जाताना चपला वाजवत नाहीत.” शुक्रवारी संध्याकाळी आणायचा, सोमवारी तुमच्या आधी नेऊन ठेवायचा. नवी मूठ जुनी दिसावी म्हणून मी तिला शाई आणि मेण चोळायचो.

टवकाही मीच पाडत आलो. कानशीने. मापासाठी पहिल्या मुठीचा ठसा मेणात घेऊन ठेवला होता.

तुम्ही शिक्का ठोकता, बाई. जगातला कोणताही शिक्का ठोकल्यावर टिकत नाही. तो ठेवायचा असतो आणि वरून तळहाताने दाबायचा असतो. बाजारातल्या शिक्क्यांना मी चांगलं म्हणत नाही, पण त्या तिघांचा जीव तुमच्या हातानेही घेतला आहे. हात बदलला तर कोणाचाही शिक्का टिकेल. माझी गरज नाही.

तुमचा शिक्का परत पाठवत आहे. रबराचा कोपरा पुन्हा चिकटवला आहे.

शिक्केवाला


१३ फेब्रुवारी

शिक्केवाले महाशय,

उशीर झाला, कारण पहिले चार दिवस मी कोणाशी बोलत नव्हते. नणंद म्हणते घरात इतकी शांतता तिने माझ्या लग्नाआधीही पाहिली नव्हती.

पाचव्या दिवशी मी त्या शिपायाला फोन केला. त्यालाही निवृत्त होऊन चार वर्षं झाली. मी म्हटलं, “शिक्के किती बदलले?” तो म्हणाला, “कोण बोलतंय?” मी म्हटलं, “तुला चांगलं माहीत आहे कोण बोलतंय.” मग पलीकडे जे हसणं सुरू झालं ते संपेना. म्हणाला, “बाई, सांगितलं असतं तर रागावला असता ना?” मी म्हटलं, हो. “मग? आम्हाला रोज तुमच्यासमोर बसायचं होतं.” म्हणजे अख्खं ऑफिस सामील. साहेबसुद्धा. नव्या शिक्क्याच्या मागणीअर्जावर सही त्यांचीच असायची.

तुमच्यावर मात्र मी अजून रागावलेली आहे. त्या ऑफिसात मी ज्याच्याकडे बोट दाखवीन अशी एकच गोष्ट होती, आणि ती तुम्ही सवडीने कानस घेऊन घासत बसला होता. एकोणतीस वर्षं माझा अंगठा तुमच्या कारागिरीवर फिरत होता. बरं वाटलं का?

आता हाताबद्दल. तुम्ही म्हणालात म्हणून मी एक दिवस शिक्का ठेवून पाहिला. अर्धा ‘ग’ नसलेलाच घेतला, हात तपासायचा होता म्हणून. अलगद ठेवला, तळहाताने दाबला, पस्तीस वह्या. कापडाच्या उंचवट्यांवर शाई लागली, खळग्यांत लागलीच नाही. वाक्य आजारी माणसाने कुजबुजल्यासारखं दिसत होतं. नणंदेने एक वही हातात घेतली आणि म्हणाली, “वहिनी, हे कोणी मारलंय? भीत भीत मारलंय.” मग मी छत्तिसावी वही घेतली आणि ठोकला. उरलेली अक्षरं कापडात उतरली. पाठीमागून बोट फिरवलं तर हाताला लागत होती.

तेव्हा ऐका. मी हात बदलणार नाही. एकतीस वर्षं दुसऱ्याच्या आदेशाचा शिक्का मी सगळ्या ताकदीनिशी मारला, आणि आता वाक्य माझं स्वतःचं आहे तर ते मी हळूच ठेवू? तुम्ही शेकडो लोकांना सांगितलं असेल की हात सुधारा. तुम्हाला कोणी कधी म्हटलं का, की शिक्का सुधारा? मी म्हणते आहे.

ठोकला तरी टिकेल असा शिक्का तुम्हाला करता येतो की येत नाही? एवढंच कळवा. मिक्सरचं काय झालं तेही कळवा.

वहीवाली


१९ फेब्रुवारी

बाई,

मिक्सर खाली उतरवला आहे. सूनबाई बोलत नाहीत.

टवक्याबद्दल एक सांगायचं राहिलं. पहिला मी पाडला नव्हता. पहिली मूठ आली तेव्हा तिच्यावर तो होताच. मी शिपायाला म्हटलं, नवी मूठ गुळगुळीत देतो. तो म्हणाला, “तेवढं सोडून काहीही बदला. बाई सही करायच्या आधी तिथे अंगठा ठेवतात.” कशाचा टवका ते त्यालाही माहीत नव्हतं. मलाही आता तुमच्या पत्रातून कळलं. तुम्ही पाडलात तो खरा. मी फक्त टिकवला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर. माहीत नाही. असा शिक्का मी कधी केलेला नाही, कारण कोणी मागितला नाही. तेलाच्या शाईला साधं लाल रबर फुगतं; त्याला छापखान्यातल्या रोलरचं काळं रबर लागेल. माझ्या डब्यातलं कच्चं रबर सहा वर्षांत निबर होऊन गेलं आहे. ताजं शोधतो.

वाक्यातला एकही शब्द कमी करणार नाही ना? केला तर काम सोपं होईल. ‘पानं गळणार नाहीत’ एवढंच ठेवलं तर?

शिक्केवाला


२३ फेब्रुवारी

शिक्केवाले महाशय,

‘या वहीची’ हे शब्द राहतील. जगातल्या सगळ्या वह्यांची हमी मी घेतलेली नाही.

वहीवाली


१७ मार्च

शिक्केवाले महाशय,

तीन आठवडे झाले. एक ओळ नाही.

मॅनेजरने परवा स्टिकरचे दोन गठ्ठे आणि सहा पानी करार पाठवला. करारात लिहिलं आहे की वहीवर ‘उत्पादकाची कोणतीही खूण असणार नाही’. स्टिकर गुळगुळीत, चकचकीत, टिकल्यांच्या पाकिटासारखे आहेत. भाचा येऊन म्हणाला, “मावशी, नावात काय आहे? वह्या तर तुझ्याच राहतील.” मी त्याला म्हटलं, तुझ्या डिग्रीच्या कागदावर शेजाऱ्याचं नाव घालून आणते, कागद तुझाच राहील. तो चहा न घेता गेला.

मी काही फार मागितलेलं नाही. तुम्हाला जमत नसेल तर तसं लिहा. पण गप्प बसू नका. गप्प बसणाऱ्या लोकांबरोबर मी एकतीस वर्षं काढली आहेत, आणि त्यांनी माझं काय केलं ते तुम्हीच मला कळवलंत.

एक एप्रिलला पंधरा दिवस आहेत.

वहीवाली


२२ मार्च

बाई,

शिक्का सोबत आहे. आधी तो बघा, मग हे वाचा.

काळं रबर कुठेच मिळेना. दोन ठिकाणी म्हणाले, वीस किलोच्या खाली देत नाही. मला हवा होता तळहाताएवढा तुकडा. तिसरा रोलरचा कारखाना, दोन बस बदलून. तिथला साहेब म्हणाला, “आजोबा, हे किरकोळीचं दुकान नाही.” मी म्हटलं ठीक आहे, आणि दारातल्या बाकावर बसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसलो. तिसऱ्या दिवशी सूनबाईंनी डबा दिला आणि बसथांब्यापर्यंत सोडायला आल्या. चौथ्या दिवशी एका कामगाराने कापून उरलेला तुकडा कागदात गुंडाळून हातात दिला आणि म्हणाला, “घ्या, आणि घरी जा, आम्हाला जेवताना कसंतरी होतं.” हे वागणं मी तुमच्याकडून शिकलो. याआधी मी कधी कोणाच्या दारात बसलेलो नाही.

पहिले दोन शिक्के फसले. अक्षरं नेहमीसारखी उभी कापली तर ठोकल्यावर वाकतात. म्हणून तिसऱ्याला प्रत्येक अक्षराचा पाया रुंद ठेवला, डोंगराच्या पायथ्यासारखा. त्यासाठी साचा नव्याने कोरला. रबर आणि लाकूड यांच्यामध्ये सायकलच्या ट्यूबचे दोन थर आणि त्यांच्यामध्ये कॅनव्हास आहे. दणका तिथे जिरेल. लाकूड आणि मूठ एकाच तुकड्याची आहे, म्हणजे सांधाच नाही, निखळायला जागा नाही. तो तुकडा माझ्या दुकानातल्या खुर्चीच्या पायाचा. त्या खुर्चीवर मी शेहेचाळीस वर्षं बसलो. आता तीन पायांची खुर्ची काय करायची, असं सूनबाई विचारत होत्या. मग त्यांनीच ती कुंडीखाली ठेवली, भिंतीला टेकवून.

रॉकेलने पुसू नका. साबणाचं पाणी आणि फडकं. उन्हात ठेवू नका.

मी तो माझ्या हाताने दोनशे वेळा ठोकून पाहिला. खांदा दुखतो आहे. तुमचा कसा दुखत नाही?

मुठीला टवका पाडलेला नाही. कानस हातात घेतली होती, परत ठेवली.

शिक्केवाला


३ एप्रिल

शिक्केवाले महाशय,

एक तारखेला मी आणि नणंद वीस वह्या, शाईची गादी आणि तुमचा शिक्का घेऊन त्या दुकानात गेलो. मॅनेजर तिशीतला आहे, स्वभावाने वाईट नाही, फक्त कोणी काही सांगितलं की ते तसंच दुसऱ्याला सांगतो. अशी माणसं मी ओळखते. मी त्यातलीच होते.

म्हणाला, “मॅडम, स्टिकर लावून आणायचं ठरलं होतं.”

मी म्हटलं, “तुम्ही ठरवलं होतं. मी वाचलं होतं.”

“पण या वाक्याला वरच्या लोकांचा आक्षेप आहे. उद्या एखाद्याचं पान गळलं तर?”

मी त्याच्यापुढे वही उघडून धरली. म्हटलं, ओढा. तो हसला. म्हटलं, हसू नका, ओढा, दोन हातांनी. आजूबाजूला गिऱ्हाइकं थांबली होती. त्याने ओढलं. पान मधून टरकन फाटलं; अर्धं त्याच्या हातात आलं, अर्धं शिवणीत राहिलं. नणंद, जी कधी चारचौघांत तोंड उघडत नाही, म्हणाली, “फाटलं. गळलं नाही.”

तरी तो म्हणाला, “वरून परवानगी नाही हो. मी काय करू?”

तेव्हा मी तो सहा पानी करार पिशवीतून काढला, त्याच्या काउंटरवर ठेवला आणि सहाच्या सहा पानांवर, सहीच्या जागी, शिक्का मारला. ठोकला. पहिल्या ठोक्याला त्याची पेनं उडाली. तिसऱ्याला आतून कोणीतरी बघायला आलं. सहाव्यानंतर मी म्हटलं, “हे वर पाठवा. माझी सही हीच. वही या वाक्यासकट हवी असेल तर पुढच्या कव्हरवर, नाहीतर वही नाही.”

वीसच्या वीस वह्या परत घेऊन आलो. एक सोडून. ती मॅनेजरने स्वतःसाठी घेतली, फाटलेल्या पानासकट.

जिना उतरताना नणंद म्हणाली, “वहिनी, आता वह्या कुठे विकायच्या?” मला ठाऊक नव्हतं. अजूनही नाही. पण सहा ठोक्यांनंतर शिक्क्याची एक कड हललेली नाही, हे तुम्हाला ताबडतोब कळवलं पाहिजे असं वाटलं.

वहीवाली


१० एप्रिल

बाई,

सहा ठोके म्हणजे काही नाही. दोन हजारांनंतर लिहा. त्याआधी मी काही मानणार नाही.

पत्र सूनबाईंना वाचून दाखवलं. कराराची गोष्ट त्यांनी दोनदा वाचायला लावली.

शिक्केवाला


२८ जून

शिक्केवाले महाशय,

दोन हजार एकशे चार.

एप्रिल कठीण गेला. आम्ही दारोदार गेलो. एक शिवणकामाचं दुकान, एक संगीताचे वर्ग, एक दातांचा दवाखाना. दातांच्या डॉक्टरांना ते वाक्य आवडलं, का ते त्यांनी सांगितलं नाही. मे महिन्यात मोठ्या दुकानाचं पत्र आलं : शिक्का चालेल, पण मागच्या कव्हरवर. मी एका ओळीत उत्तर दिलं की पाठ आम्ही कोणालाच दाखवत नाही. पंधरा दिवसांनी दुसरं पत्र आलं : पुढे चालेल, सहाशे वह्या हव्यात. खाली मॅनेजरने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, ‘जरा हळू मारता आला तर बरं, अक्षर आतल्या बाजूने हाताला लागतं.’ ते तसंच लागणार. गिऱ्हाइकं दुकानात उभी राहून त्यावर बोट फिरवतात, हे त्यानेच नंतर फोनवर सांगितलं.

आता तुमच्या शिक्क्याचा अहवाल. रबर शाबूत. अक्षरं पहिल्या दिवसासारखी. ‘ग’ पूर्ण आहे. रॉकेल लावलेलं नाही. माझा खांदा दुखतो, कित्येक वर्षांपासून दुखतो. हे कोणालाही सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

मुठीला टवका पडला आहे. सहाशे वह्यांचं पत्र आलं त्या दुपारी मी तो जरा जास्तच जोरात ठोकला आणि मूठ खिडकीच्या दगडी कडेला लागली. जागा वेगळी आहे, जुन्यापेक्षा बोटभर वर. अंगठा अजून चुकतो, पण शिकेल.

जुना शिक्का मी टाकलेला नाही. तो कापडाच्या ताग्यावर वजन म्हणून ठेवला आहे, टवक्याची बाजू वर करून. दोन माणसांनी मिळून एकोणतीस वर्षं सांभाळलेली वस्तू आहे, त्यातल्या एकाला ती कशासाठी ते माहीत नसताना. मी आता रागावलेली नाही. हे दुसऱ्यांदा लिहिणार नाही, तेव्हा नीट वाचून घ्या.

एक अडचण मात्र आली आहे. एकवीसशे चौथ्या ठोक्याला शिक्क्याला काही झालं नाही. टेबलाचा पाय मोडला. बाजारात गेले तर म्हणतात, मॅडम, नवं घ्या ना.

तुमच्या वयाचा कोणी सुतार आहे का?

वहीवाली